पटनीचा खरा माथा

आमच्या वेस्ट हार्लोत कुणाला गाठायचं असेल तर शनिवारी सकाळी कचराडेपोवर जावं. चर्चमध्ये निम्मं गाव येत नाही, दुकानात जो तो घाईत असतो. पण कचरा सगळ्यांच्याच घरी होतो. पिशव्या टाकून झाल्या की माणसं आपापल्या पिकअपला टेकून उभी राहतात आणि कॉफी थंड होईपर्यंत बोलत बसतात. माझी भावजय ओडेट तिथं डोंगरांच्या वाटा विचारायला जायची.

तिला हा नाद उतारवयात लागला, आणि तोही कुत्र्यामुळे. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या भोजनगृहात पोरांना वाढलं. निवृत्त झाली आणि घरात एवढीशी दोन माणसं उरली, तरी भांडी मात्र चाळीस जणांच्या मापानं चढवायची. उरलेलं कुत्र्याला. कुत्र्याचं नाव जज. काळा, लांब तोंडाचा, कुणीही काही बोललं की आधी विचार करून मग शेपूट हलवणारा. दोन वर्षांत जज असा सुटला की गुरांच्या डॉक्टरानं त्याला वजनकाट्यावर उभा केला आणि ओडेटकडे बघून म्हणाला, "याला चालवा, नाहीतर याला चाकं लावावी लागतील."

रॉयसनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, हात झटकले. त्याला चालणं आवडत नाही. गोठ्यापर्यंत जायचं तरी तो पिकअप काढतो. मग ओडेटच कुत्र्याला घेऊन निघाली, आणि वाचनालयात पुस्तक बदलायला गेली असताना हॅरिएटनं तिच्या हातात एक कागद ठेवला. हॅरिएट वाचनालय सांभाळते आणि आमच्या इथल्या डोंगर मंडळाची चिटणीसही तीच. त्या कागदावर आसपासच्या पंचवीस टेकड्यांची नावं होती आणि खाली नियम. चढायचं स्वतःच्या पायांनी, उतरायचंही स्वतःच्या पायांनी. माथ्यापर्यंत जायचं, माथ्याजवळ नाही. पंचवीस झाल्या की मंडळाचा कापडी बिल्ला मिळतो. कुत्र्यांनाही मिळतो, पण कुत्र्याला कुठं उचलून घेतलेलं चालत नाही.

"जजला कोण उचलणार?" ओडेट म्हणाली आणि कागद पर्समध्ये टाकला.

यादीतल्या निम्म्या टेकड्यांना धड वाट नाही. नकाशात एक तुटक रेघ असते, ती जाऊन बघावी तर बीव्हर प्राण्यांनी ओढा अडवून तळं करून ठेवलेलं असतं. म्हणून मग कचराडेपो. तिथं प्रत्येकाला एखादी वाट ठाऊक असते आणि प्रत्येकाची सांगायची रीत वेगळी. एक जण सांगणार, जुन्या फोर्ड गाडीपाशी डावीकडे. ती गाडी गेली पन्नास वर्षं रानात गंजत पडलेली, तिच्या टपातून बर्चचं झाड वर आलेलं. दुसरा सांगणार, ती गाडी नव्हे, त्याच्या पुढचा फ्रिज. ओडेट दोघांचं ऐकून घ्यायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी शोधायची. रानात दगडी बांध दिसला की ती बांधाच्या कडेनं जायची, कारण बांध म्हणजे एकेकाळचं शेत आणि शेत म्हणजे गाडीवाट. रानात सफरचंदाचं झाड दिसलं की ती थांबायची. इथं कुणाचं तरी घर होतं, म्हणायची, आणि घरातल्या बाईला डोंगरावर ब्लूबेरी वेचायला जायला वाट असणारच. बहुतेक वेळा असायची.

रॉयस तिला डोंगराच्या पायथ्याशी सोडायचा आणि पिकअपमध्येच बसून राहायचा. थर्मासमध्ये कॉफी, रेडिओवर बेसबॉल, मांडीवर शेंगा सोलायचं घमेलं. हॅरिएटनं त्याला एकदा विचारलं की एवढ्या लांब येतोस तर वर का जात नाहीस. तो म्हणाला, "डोंगर मला खालून नीट दिसतो. वर गेलं की दिसत नाही."

चढून आल्यावर ओडेट त्याची नोंद करायची ती कोठीच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूनं. आमच्या आईनं त्याच दारावर आमच्या उंचीच्या खुणा केलेल्या, मग ओडेटनं आपल्या मुलांच्या केल्या, आणि मुलं निघून गेल्यावर उरलेल्या जागेत डोंगर आले. पेन्सिलीनं. टेकडीचं नाव, तारीख, हवा, काय खाल्लं, जजनं काय केलं. "मिंक हिल. धुकं. अंड्याचं सँडविच. जज साळिंदराला भेटला, पश्चात्ताप झाला." असं. रॉयस दर वसंतात स्वयंपाकघर रंगवायचं काढायचा, डबा फोडायचा, ब्रश भिजवायचा, आणि ते दार उघडून उभा राहायचा. मग दार सोडून बाकीचं रंगवायचा. आता त्या घरात सगळं पांढरं आहे आणि ते एक दार आतून मळकट.

गेल्या वर्षी तिच्या चोवीस झाल्या. उरली ती बीन हिल, सोपी, शेवटाला मुद्दाम ठेवलेली. पण उन्हाळ्यात तिचा उजवा गुडघा बिघडला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की आत गादी उरलेलीच नाही, हाडावर हाड घासतंय. ऑक्टोबरअखेरच्या एका मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली. पुढे वर्षभर सपाट रस्ता, आणि डोंगराचं नंतर बघू, असं ते म्हणाले. डॉक्टर 'नंतर बघू' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय ते ओडेटला कळत होतं. शाळेत ती स्वतः पोरांना पुडिंगचं तसंच सांगायची.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे बीन हिलवर गेलो. आमच्याकडे कुणाची यादी पुरी व्हायची असली की शेवटच्या टेकडीला ओळखीपाळखीचे सगळे बरोबर जातात आणि माथ्यावर केक कापतात. शिकारीचे दिवस, कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून आम्ही सगळे नारिंगी जाकिटांत, जजच्या पाठीवरही नारिंगी पट्टा. दुरून कुणाला वाटलं असतं, भोपळे चढताहेत. केक मी केला होता, मेपलचं आयसिंग घालून, आणि तो लोणची घालायच्या मोठ्या पातेल्यात बसवून लिओ गॅननच्या पाठीवर बांधला होता. लिओ लाकडाचे ट्रक चालवायचा, आता निवृत्त. त्याची यादी दोनदा पुरी झालेली आहे आणि तो ते कुणालाही विसरू देत नाही.

ओडेट दोन काठ्या घेऊन हळूहळू चढली. गुडघ्याचं ती काही बोलली नाही, पण वाटेत प्रत्येक पडलेल्या ओंडक्याचं कौतुक करून त्यावर बसत होती. माथ्यावर पोचल्यावर तिनं दगडांच्या राशीला हात लावला, जजचा पंजा धरून त्यालाही लावायला लावला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हॅरिएटच्या खिशात दोन बिल्ले तयार होते. लिओनं पातेलं उतरवलं. मी सुरी काढली.

तेवढ्यात विषय निघाला की पंचविसांतली सगळ्यात भिकार टेकडी कुठली.

लिओ म्हणाला, पटनी. त्यात वादच नाही. सकाळभर चढा, दम तोडा, आणि वर काय तर झाडांचा अंधार. ना तळं दिसत ना गाव. दगडांची एवढीशी रास आणि तिच्यात लोणच्याची बरणी, आत नावं लिहायला कागद. नाव लिहायला हातमोजा काढला तर तो तिथंच विसरलो, म्हणाला, एवढाच त्या डोंगराचा प्रसाद.

ओडेट हसली. "तू भलतीकडेच गेलास, लिओ. पटनीवरून सगळं तळं दिसतं. मी तिथं बसून सँडविच खाल्लंय."

हॅरिएट स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. त्या बुटांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"अगं, तो कडा," लिओ हळूच म्हणाला. "माथा मागे रानात आहे. थोडा वर. दहा मिनिटंसुद्धा नाही लागत."

पटनीला जाणारे सगळेच आधी त्या कड्यावर बसतात. वाट मोकळ्या खडकावर येते, समोर तळं पसरलेलं, वर आभाळ. कुणालाही वाटावं की झालं. वाट खडकाच्या मागून पुन्हा झाडीत शिरते ते बसलेल्या माणसाला दिसत नाही. ओडेट आठवून आठवून सांगायला लागली. ती बसली होती. डबा उघडला होता. जज मात्र बसला नव्हता. तो मागच्या झाडीत गेला होता, बराच वेळ आला नाही, तिनं दोन हाका मारल्या, आणि आला तो तोंडात एक हातमोजा घेऊन. चामड्याचा, एका बोटाला ठिगळ. तिनं तो कचराडेपोवरच्या 'ज्याचं त्यानं न्यावं' फळीवर ठेवला होता.

"माझा," लिओ म्हणाला. फळीवर परत सापडलेला तो हातमोजा त्यानं खिशातून काढूनच दाखवला. "मी बरणीपाशी विसरलेला. म्हणजे ओडेट, कुत्र्यानं पटनी केलाय. तू नाही केलास."

इतकं वाईट वाटूनही मला हसू आलं, आणि माझ्यामागून सगळ्यांना. जज एकेकाकडे बघत विचार करत होता. ओडेट हसली नाही. तिनं माझ्या हातातली सुरी घेतली आणि परत म्यानात घातली.

मग सगळे तिची समजूत घालायला लागले. मी म्हटलं, दहा मिनिटांचं कसलं एवढं. कुणी म्हणालं, तळ्यावरून बघितलं तर कडाच माथा वाटतो. हॅरिएट, जी वाचनालयात एका दिवसाच्या उशिराचाही दंड घेते, ती म्हणाली की मंडळ कधी कधी परिस्थिती बघतं. ओडेटनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं की ताटातलं संपल्याशिवाय पुडिंग नाही," ती म्हणाली. "मटार रुमालात लपवणारे मी लांबूनच ओळखायची. आता मीच रुमालात मटार घेऊन केक कापू? जजला द्या त्याचा बिल्ला. त्याचं ताट साफ आहे."

हॅरिएटनं जजच्या पट्ट्याला बिल्ला टाचला. केक न कापता आम्ही खाली आलो. लिओ वाटभर म्हणत होता की न कापलेला केक उतरताना जास्त जड लागतो.

पायथ्याशी रॉयस पिकअपमध्ये बसला होता. त्यानं पातेल्याचं झाकण उचलून बघितलं, मग ओडेटच्या जाकिटाकडे, मग जजच्या पट्ट्याकडे.

"कुठला राहिला?"

"पटनी."

"केवढा?"

"दहा मिनिटं. वरची."

रॉयसनं झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. घरी येईपर्यंत प्रत्येक गिअर आपटून टाकला. त्याचं बरोबरच होतं; पटनीच्या पायथ्याशी तो तेव्हा चार तास बसला होता, आणि त्या दिवशी बेसबॉलसुद्धा नव्हता.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर ओडेट गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून बसलेली. गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा झाला होता. रेडिओवर सांगत होते की उद्या दुपारनंतर डोंगरांवर बर्फ. सोमवारी तिला तपासण्यांना इस्पितळात जायचं, मंगळवारी शस्त्रक्रिया. मी म्हटलं, वसंतात जा. गुडघा नवा असेल, टुणटुण चढशील.

"नियम स्वतःच्या पायांचा आहे, नेल," ती म्हणाली. "नव्या गुडघ्यानं चढले तर माझी निम्मी टेकडी इस्पितळाच्या नावावर लागेल." गमतीनं म्हणाली, पण मग पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवत म्हणाली, "आणि डॉक्टर 'नंतर बघू' म्हणाले ते तू ऐकलंयस. मला हे माझ्या जुन्या पायांनी संपवायचंय. त्यांनीच सुरू केलं होतं."

रॉयस ओट्याशी पाठमोरा उभा राहून शेंगा निवडत होता. मला वाटलं, तो आता तिला रागावेल. तो फक्त म्हणाला की बर्फ दुपारनंतर आहे तर सकाळ मोकळी आहे.

रविवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात आले तेव्हा त्यांचा पिकअप सुरू होता, मागे लिओचा, त्याच्या मागे हॅरिएटची छोटी गाडी. रॉयसनं सगळ्यांना फोन केले होते. माझा भाऊ वर्षातून दोनदा फोन उचलतो आणि दोन्ही वेळा चुकून.

पटनीच्या पायथ्याशी पोचल्यावर आम्ही जाकिटं चढवली, ओडेटनं काठ्या घेतल्या. रॉयस गाडीतून उतरला, गोठ्यातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले, आणि लिओच्या हातातून केकचं पातेलं घेतलं.

"तू कुठं?" ओडेटनं विचारलं.

"मी इथं बसलो आणि तू परत त्या कड्यावर सँडविच खाऊन खाली आलीस, तर मला तिसऱ्यांदा यावं लागेल. पेट्रोल परवडत नाही."

तो पातेलं पोटाशी धरून पुढे निघाला. दहा पावलं गेल्यावर थांबून विचारलं की वाट कुठली. जजनं दाखवली.

तो चढ मी जन्मात विसरणार नाही. ओडेटला गुडघा वाकवता येईना, म्हणून ती उजवा पाय बाजूनं फिरवून टाकत होती, दार उघडल्यासारखा. रॉयसला दम लागत होता आणि रबरी बुटांत पाय सटकत होते. दोघं एकमेकांसाठी थांबायची आणि दोघंही म्हणायची की आपण दुसऱ्यासाठी थांबलोय. एका दगडी बांधापाशी रॉयस विसावला आणि म्हणाला की हा बांध चांगला घातलाय. ओडेट म्हणाली, मी तुला हे किती वर्षं सांगतेय. तो म्हणाला, तू सांगत होतीस तेव्हा रेडिओ लागलेला असायचा.

कड्यावर आलो तेव्हा बर्फाची पहिली कणी पडायला लागली होती. तळं खाली शिशाच्या रंगाचं, पलीकडच्या लार्च झाडांची पिवळी रांग. रॉयस पातेलं घेऊन खडकावर टेकणार, तोच ओडेटनं काठीनं त्याला ढोसलं.

"इथं बसायचं नाही. इथं बसूनच हा घोटाळा झाला."

खडकाच्या मागून आम्ही झाडीत शिरलो. फांद्या एवढ्या दाट की एकेरी रांगेनं जावं लागलं. जज सगळ्यांत पुढे. तो वळून वळून बघत होता, हिला अजून कळत कसं नाही अशा चेहऱ्यानं. चढ थोडाच, पण मुळ्या निसरड्या. शेवटच्या एका उंच पायरीशी ओडेट थांबली. तिला पाय उचलेना. लिओ पुढे झाला, हात द्यायला. तिनं मान हलवली. कुत्र्याला उचललेलं चालत नाही तर मला कसं चालेल, म्हणाली. मग वळली, त्या पायरीवर पाठमोरी बसली, काठ्या रोवल्या, आणि बसल्या बसल्या ढुंगण वर सरकवत चढून गेली. हॅरिएटला विचारलं की हे पायांनी धरतात का. हॅरिएट म्हणाली, पाय जमिनीला लागलेले मी स्वतः पाहिले.

आणि मग ती दगडांची रास आली. गुडघ्याएवढी. भोवती झाडं, वर झाडं, बघायला काहीसुद्धा नाही. लिओ खरं बोलला होता. इतका भिकार माथा मी दुसरा पाहिला नाही. ओडेटनं त्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवून, मग मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला हसताना बघून जज भुंकला, तो एरवी भुंकत नाही. आम्ही सगळे त्या अंधाऱ्या झाडीत, बर्फाची कणी डोक्यावर घेत, मूर्खासारखे हसत उभे होतो.

लिओनं बरणी उघडून दिली. तिनं नाव लिहिलं. खाली जजचं लिहिलं, कंसात 'दुसऱ्यांदा'. मग पेन्सिल रॉयसच्या हातात दिली.

"मी कशाला?"

"वर आला आहेस ना? स्वतःच्या पायांनी?"

रॉयसनं जरा वेळ कागदाकडे पाहिलं आणि दुकानात सही करतात तशी सही ठोकली. हॅरिएटनं ओडेटच्या जाकिटाला बिल्ला टाचला. केक एवढा गारठला होता की आयसिंगचे तुकडे पडले. आम्ही ते खडीसाखरेसारखे चोखले. सगळ्यात मोठा तुकडा ओडेटनं खाल्ला, पातेल्यात बोट फिरवून उरलेलंही, आणि ताट साफ झाल्याचं सगळ्यांना दाखवलं.

उतरताना कड्यावर मात्र तिनं रॉयसला बसू दिलं. बर्फ दाटत होता आणि आम्ही निघायची घाई करत होतो, पण तो तळ्याकडे बघत बसला. मग बोट करून म्हणाला, "इथून आपल्या घराचं छप्पर दिसतं की."

"दिसणारच," ओडेट म्हणाली. "ते काय पटनीला घाबरतं?"

मंगळवारी तिची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर परिचारिकेनं विचारलं, नाव सांगा, तर तिनं नाव सांगितलं आणि पुढे 'पंचवीस' म्हणाली. परिचारिकेनं ते वय समजून रॉयसकडे काळजीनं पाहिलं.

यंदाच्या वसंतात रॉयसनं पुन्हा रंगाचा डबा फोडला. मी कॉफी प्यायला गेले तर कोठीचं दार उघडं, आणि ओडेटच्या पंचविसाव्या नोंदीखाली, सुताराच्या जाड पेन्सिलीनं: "रॉयस. पटनी. बर्फ. केक." त्याच्या खाली, "रॉयस. बीन हिल. डास." आणि त्याच्याही खाली मिंक हिल, साळिंदरासकट.

कुत्र्याचं वजन पुन्हा वाढतंय म्हणून जातो, असं तो सांगतो. ओडेटचा नवा गुडघा चांगला आहे, सपाट रस्त्यावर ती माझ्या पुढे चालते. डोंगराचं डॉक्टर अजून बघताहेत. रविवारी ती पायथ्याशी पिकअपमध्ये बसते, मांडीवर शेंगांचं घमेलं. रेडिओ ती लावत नाही. काच खाली करून बसते, आणि रॉयस झाडीतून बाहेर आला की पहिलं विचारते, "माथ्यापर्यंत? की माथ्याजवळ?"

तो जजकडे बोट दाखवतो. साक्षीदार आहे, म्हणतो.